अफगाण गावरक्षक : हमी कुणाची, पगार कुणाचा?

प्रश्न : अफगाणिस्तानात टोळीचे वडीलधारे हमी देत होते, तरी गावरक्षक दलेच गावाला का लुबाडू लागली?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : हमी देणारे एक आणि पगार देणारे दुसरे, असे झाले म्हणून. पक्तिया, पक्तिका, खोस्त भागात ‘अरबकी’ (टोळीचे रक्षक) ही जुनी रीत. जिरगा (टोळीच्या वडीलधाऱ्यांची सभा) निर्णय देतो आणि तो अमलात आणायला टोळीतूनच माणसे मागतो. काम संपले की ती घरी जातात. कर्तव्य बजावताना अरबकीच्या हातून कुणी मेला, तरी त्याच्यावर सूड उगवता येत नाही. हे संरक्षण जिरग्याच्या शब्दावर मिळते, म्हणून अरबकी जिरग्याला बांधलेला राहतो.

ऑगस्ट 2010 मध्ये राष्ट्राध्यक्ष करझाई यांच्या सरकारने ‘अफगाण स्थानिक पोलीस’ हे गावरक्षक दल अमेरिकी पैशावर गृहखात्याखाली उभे केले. गावच्या शूराने (वडीलधाऱ्यांच्या मंडळाने) तरुणाची हमी द्यायची, मग सुमारे 3 आठवडे प्रशिक्षण, हातात कलाश्निकोव्ह रायफल, पगार नियमित पोलिसांच्या साधारण 60 टक्के. पण 1978 पासूनच्या लढायांत अनेक मलिक आणि खान (गावचे पारंपरिक पुढारी) मारले गेले किंवा परागंदा झाले. त्यांच्या जागी बंदूकवाले कमांडर बसले. मग कित्येक ठिकाणी कमांडरच नावे आणी आणि वडीलधारे मुकाट्याने मान डोलवीत. सर्वांत घातक दुखणे मिश्र वस्तीचे होते. दल एकाच गटाचे भरले की दुसरा गट तालिबानचा आसरा शोधी. कुंदुझमध्ये अशा सशस्त्र टोळ्यांच्या जाचाने लोक सरकारपासून तुटले होते. सप्टेंबर 2015 मध्ये ते शहर तालिबानने काही दिवस ताब्यात घेतले.

प्रश्न : ‘भूत सैनिक’ म्हणजे काय? त्यांचा पगार कोण उचले?

उत्तर : पळून गेलेल्या, मेलेल्या किंवा कधीच भरती न झालेल्या माणसाचे नाव हजेरीपटावर ठेवायचे आणि पगार कमांडरने घ्यायचा. दूरच्या जिल्ह्यांत बँक नव्हती. पैसे रोख जात, वाटणारा कमांडरच्या ओळखीचा असे. 2009 मध्ये वर्दक प्रांतात काही पोलिसांचा पगार थेट मोबाइलवर दिला, तेव्हा सुमारे 10 टक्के नावे खोटी निघाली. उरलेल्यांना वाटले पगार वाढला. तोवर मधल्या मधे कापला जात होता. एका कमांडरने तर शिपायांचे फोनच मागून घेतले.

चोरी पैशाचीच असती तर एक वेळ निभावले असते. पण कागदावरची ठाणी भरलेली दिसत, म्हणून कुमक येत नसे आणि हल्ल्याच्या रात्री मूठभर माणसे उरत. माजी अर्थमंत्री खालिद पायेंदा यांनी 2021 मध्ये सांगितले की कागदावरच्या 3 लाख सैनिक-पोलिसांतले बहुतेक अस्तित्वातच नव्हते.

प्रश्न : रस्त्यांवर संरक्षणाचे पैसे घेणारे कोण?

उत्तर : अमेरिकी लष्कराचा माल नेण्याचे कंत्राट 2.16 अब्ज डॉलरचे होते आणि सुरक्षा ट्रकवाल्यांनीच पाहायची होती. ते वाटेवरच्या सरदारांना पैसे देत. 2010 मध्ये अमेरिकी संसदेच्या उपसमितीने हे उघड केले. माळव्यातल्या वाचकांना गिरासियांचा टंका, म्हणजे लूट न करण्यासाठी ते सरदार घेत ती खंडणी, आठवेल. रस्ता निर्धोक झाला असता तर या सरदारांची कमाई बुडाली असती, म्हणून तो तसा होऊ देण्यात त्यांना रस नव्हता.

प्रश्न : ‘अफगाण स्थानिक पोलीस’ दलाचे पुढे काय झाले?

उत्तर : सप्टेंबर 2020 मध्ये अमेरिकी पैसा थांबला आणि दल मोडले. काहींना सैन्यात व पोलिसांत घेतले, बाकीच्यांची शस्त्रे काढून घेऊन घरी पाठवले, जिथे त्यांचे शत्रू शेजारीच राहत होते.