वीस तारखेनंतरचे दहा दिवस

‘पगार बरा आहे, व्यसन नाही, तरी वीस तारखेला खातं रिकामं. पैसे जातात कुठं?’ कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या समुपदेशन केंद्रात हा प्रश्न घेऊन येणारी माणसं बहुतेक वेळा स्वतःवरच चिडलेली असतात. घरात त्यावरून भांडणं झालेली असतात, आणि सोबत आलेल्या बायकोला किंवा आईला वाटत असतं की मॅडमनी याला चार शब्द सुनवावेत. अशाच एका जोडप्याची ही हकिकत. दोघांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तो कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत मशीन शॉपला सुपरवायझर. हातात ४४,००० रुपये पगार. फ्लॅटचा हप्ता ११,०००, दोन मुलं शाळेत, बायको घर सांभाळते. ‘मी काय बोलत नाही आता, नुसता बघत बसतो,’ ती म्हणाली. तो खाली मान घालून बसला होता. क्रेडिट कार्डावर ६८,००० थकलेत, हे तिला आदल्या आठवड्यात कळलं होतं.

‘खर्च कमी करा’ असं मी पहिल्या भेटीत कुणालाच सांगत नाही. कोणता खर्च, हे दिसलेलंच नसतं. मी त्यांना तीन महिन्यांचं बँकेचं स्टेटमेंट छापून आणायला सांगितलं. तिनं एकेक ओळ वाचायची, त्यानं वहीत लिहायचं. एकच अट घातली: वाचताना शेरा मारायचा नाही. नाहीतर तिसऱ्या ओळीलाच भांडण लागतं आणि वही मिटते. पूर्वी खिशातली नोट मोडताना हाताला तरी कळायचं. आता क्यूआर कोड स्कॅन केला की काम झालं, म्हणून हे मोठ्यानं वाचणं मला फार महत्त्वाचं वाटतं. दोन ॲप्सचे ऑटोपे, म्हणजे खात्यातून आपोआप कापले जाणारे पैसे, चालू होते. ते त्यांनी तिथल्या तिथं बंद केले.

वाचता वाचता तो एका जागी थांबला. रविवारी मित्रांसोबत तांबडा-पांढरा, कामावर चहा-नाष्टा, कुणाच्या वाढदिवसाचा केक. महिन्याला सात हजारांच्या आसपास, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी बिल त्याचंच. मी विचारलं, ‘बाकीचे देत नाहीत?’ तो म्हणाला, ‘मॅडम, पोरं माझ्या हाताखालची. मी बसलेला असताना त्यांनी बिल द्यायचं? बरं दिसंल का ते?’

माझ्या मते सगळी गाठ इथं होती. हा माणूस उधळा नव्हता. स्वतःला त्यानं दोन वर्षांत धड बूटही घेतले नव्हते. वडील हमाली करायचे, चहासुद्धा दुसऱ्यानं पाजला तर प्यायचे, आणि ते बघत हा मोठा झाला. बिल देणं म्हणजे आपण वर आलो याची पावती होती. ते बंद कर म्हणून सांगितलं असतं तर पंधरा दिवस पाळलं असतं, सोळाव्या दिवशी दुप्पट खर्च केला असता. म्हणून आम्ही बंद काहीच केलं नाही, रक्कम ठरवली. दोघांना महिन्याला अडीच-अडीच हजार, हिशेब न विचारता. बायकोलाही तेवढेच, यावर मी अडून बसले, कारण घर चालवणाऱ्या बाईच्या हातात स्वतःचे म्हणून पैसे नसले की नवऱ्याच्या प्रत्येक खर्चावर तिची नजर राहते. ‘या रविवारी मी, पुढच्या रविवारी तुम्ही’ हे वाक्य त्यानं माझ्यासमोर चार-पाच वेळा म्हणून बघितलं. जीभ अडखळत होती.

आता कार्डाकडे. तो दर महिन्याला ‘किमान देय रक्कम’ भरायचा, सुमारे ३,४००. त्याच्या कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे २,३८०, वर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी ४२८. मूळ रकमेतून कमी व्हायचे जेमतेम सहाशे. शिवाय बाकी थकलेली असली की नवीन खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. आणि त्याच वेळी पतसंस्थेत तिच्या नावावर साठ हजारांची ठेव होती, नऊ टक्क्यांनी! वर्षाला ५,४०० मिळत होते आणि कार्डापायी तेहतीस हजारांच्या वर जात होते. ठेव मोडायची नसते, ती पोरीची आहे, यावर तिचे डोळे भरून आले. मी घाई केली नाही. आकडे कागदावर मांडले आणि त्यांना घरी पाठवलं. पुढच्या भेटीला ती स्वतःच ठेव मोडून, कार्डावर भरून आली.

राहिला तो न दिसणारा खर्च. जूनमधली फी, गाडीचा विमा आणि आयुर्विमा, जोतिबाची यात्रा, गणपती, दिवाळीचे कपडे, लग्नांचे आहेर. दरवर्षी ठरलेल्या वेळी येणारे हे खर्च घराघरांत ‘अचानक’ येतात आणि कार्डावर जातात. त्यांची बेरीज आली ७२,०००, म्हणजे महिन्याला सहा हजार. पगार झाला की त्याच दिवशी ते वेगळ्या खात्यात जातात, आणि त्या खात्याला यूपीआय जोडलेलं नाही. घरखर्चाला १८,०००. हप्ता, दोघांचे पैसे आणि हे धरून चार हजार उरतात. त्यातून कार्डाची राहिलेली बाकी दोन महिन्यांत फिटली, नंतर पोरीच्या नावानं पोस्टात आरडी सुरू झाली.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. गणपतीत मंडळाची वर्गणी त्यानं ठरल्यापेक्षा जास्त दिली आणि तीन दिवस घरी बोलला नाही. पण यावेळी लपवलं नाही. पुढच्या महिन्याच्या स्वतःच्या अडीच हजारांतून त्यानं ती भरून काढली. त्या महिन्यातल्या एका रविवारी हाताखालच्या पोरांनी वर्गणी काढून बिल दिलं. त्यानं पहिल्यांदाच ते देऊ दिलं. ‘मला जेवण गेलं नाही नीट,’ तो मला म्हणाला. ते कशामुळं, यावर आम्ही अजून बोलतो आहोत. वही आता तो स्वतःच लिहितो.