रुग्ण कमी झाले म्हणून नमुने थांबवू नका

तुम्ही विचारलंय की करोनाची साथ ओसरून हाताच्या बोटांवर मोजण्याइतके रुग्ण उरले असताना सांडपाण्याच्या तपासण्यांवर खर्च कशाला, आणि पुढची लाट खरंच रोखता येते का. लाट पूर्ण टाळता आली नाही तरी ती बरीच बुटकी करता येते. मात्र त्याची वेळ हीच, रुग्ण कमी असतानाची.

साधा हिशोब करा. १०० बाधित आहेत आणि प्रत्येकाकडून सरासरी १.२ जणांना लागण होते. दहाव्या फेरीला नवे बाधित ६००च्या वर जातात. तोच आकडा ०.८ असेल तर उरतात जेमतेम ११. एवढासा फरक पाडायला टाळेबंदी लागतेच असं नाही. बंद खोल्यांत हवा खेळती ठेवणं, ताप-खोकला असलेल्याला पगार न कापता घरी राहू देणं, ज्येष्ठांचा बूस्टर वेळेवर होणं, यांची बेरीज बरंच काम करते. बाधित लाखांत गेल्यावर मात्र हेच उपाय तोकडे पडतात.

उपाय लवकर सोडले की काय होतं, ते बघा. इन्फ्लुएंझाच्या साथीत सॅन फ्रान्सिस्कोने २१ नोव्हेंबर १९१८ ला मास्क उतरवले. जानेवारी १९१९ मध्ये इन्फ्लुएंझा पुन्हा उसळला आणि मास्कची सक्ती परत आली.

आता तपासण्यांबद्दल. मी सांडपाण्याच्या नमुन्यांवर काम करतो. जो दवाखान्यात जातच नाही, त्याच्याही शौचातून करोनाचे अंश बाहेर पडतात. शुद्धीकरण केंद्रात पाणी शिरतं तिथे लावलेला पंप चोवीस तास थोडं थोडं पाणी बाटलीत ओढतो. बाटली थंड ठेवून प्रयोगशाळेत आणायची आणि आरटी-पीसीआर करायची. पाऊस पडला की नमुना पातळ होतो आणि साथ उतरल्याचा भास होतो. म्हणून त्याच नमुन्यात आम्ही मिरचीच्या झाडावरचा एक विषाणूही मोजतो. तो खाण्यातून पोटात जातो आणि तसाच बाहेर पडतो. दोन्ही सारखेच घटले असतील तर पाणी वाढलंय, साथ उतरलेली नाही.

२०१३ मध्ये इस्रायलमध्ये पोलिओचा विषाणू असाच सांडपाण्यात सापडला. एकाही मुलाला लुळेपणा आलेला नसताना तोंडावाटे लस देण्याची मोहीम सुरू झाली.

आमच्याकडे एकदा रुग्ण घटताच नमुने घेणं थांबवलं गेलं. काही महिन्यांनी पुन्हा सुरू केलं तेव्हा शिकवून तयार केलेली माणसं दुसरीकडे गेली होती. त्याहून वाईट म्हणजे शांत काळातले आकडेच नव्हते. समोर आलेला आकडा नेहमीचा की चढता, हे कुणालाच सांगता येईना आणि त्यात मोलाचे आठवडे गेले. त्यामुळे माझा आग्रह असा: आठवड्याला एक नमुना तरी चालू ठेवा, आणि सलग किती आठवडे वाढ दिसली की लसीकरण पथकं बाहेर काढायची, तो आदेश कुणी द्यायचा, हे आजच लिहून ठेवा.