वॉरंटी संपायला 18 दिवस राहिलेत, गेम कन्सोल चालू आहे पण मधेच बंद पडतो. बदलून घ्यावा का?

तुमचा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही म्हणून लिहितोय. मुलाला घेतलेला कन्सोल, एक वर्षाची वॉरंटी, 18 दिवस बाकी, तासाभरानं फॅन जोरात ओरडतो, दोनदा खेळता खेळता आपोआप बंद पडला पण परत चालू केला की नीट चालतो, आणि घरचे म्हणतायत चालतोय तर राहू दे. उद्या सकाळी तक्रार नोंदवा. बदलून मिळेल की रिपेअर करून मिळेल ते नंतर बघू, आधी तक्रार नंबर हातात घ्या.

हे मी इतक्या ठामपणे का सांगतोय, तर मी इचलकरंजीचा. घराच्या मागच्या शेडमध्ये आमचे कापड विणायचे 8 माग आहेत. अण्णा, म्हणजे माझे वडील, आधी 20-22 वर्षं दुसऱ्यांच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे मिस्त्री, होते आणि मग स्वतःचे माग घातले. डिसेंबर 2021 मध्ये माझ्या पहिल्या वर्षाच्या पगारातून साठवून मी कोल्हापुरातून कन्सोल घेतला, 42 हजारांचा. कुठला ते लिहीत नाही, कारण कंपनीशी माझं भांडण नाही. 2022 च्या दसऱ्याच्या आसपास त्याचं असंच सुरू झालं जसं तुमच्याकडे झालंय. दीड तास खेळलं की फॅनचा आवाज चढायचा, इतका की टीव्हीचा आवाज वाढवावा लागायचा, आणि मग एकदम सगळं बंद. दहा मिनिटांनी बटण दाबलं की जणू काही झालंच नाही. मी कस्टमर केअरला फोन केला, त्यांनी तक्रार घेतली, नंबर दिला, दोन दिवसांत पिकअपला माणूस येतो म्हणाले.

अण्णा म्हणाले, "चालतंय न्हवं? मग चालत्या यंत्राला हात कशाला लावायचा?"

त्यांचं म्हणणं हवेतलं नव्हतं. मी शाळेत असताना त्यांनी एका मागाची नवीन मोटर वॉरंटीत रिपेअरला दिली होती आणि परत आली तेव्हा आत जुनं वाइंडिंग, म्हणजे तारेची गुंडाळी, घातलेलं निघालं. तेव्हापासून त्यांच्या मते वॉरंटी म्हणजे आपली चांगली वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात द्यायची आणि सडकी परत आणायची. मी दोन दिवस वाद घातला, आईनं मधे पडून "घरात कशाला भांडणं" केलं, आणि मी फोन करून तक्रार रद्द केली. ही चूक माझीच, रद्द मीच केली. अण्णांनी मग मागांवर मारतो तो कंप्रेसरचा ब्लोअर आणून कन्सोलच्या जाळीतून बाहेरूनच हवा मारली, भसकन धूळ उडाली, आवाज कमी झाला आणि पुढचे काही आठवडे खरंच तो एकदाही बंद पडला नाही. जेवताना रोज ऐकवायचे, बघ, झालं का नाही नीट.

11 डिसेंबरला वॉरंटी संपली. 9 जानेवारीला कन्सोल गेला, म्हणजे बरोबर 29 दिवसांनी. बीप वाजायचा, दिवा लागायचा आणि दोन सेकंदांत विझायचा. कंपनीत फोन केला, म्हटलं ऑक्टोबरमध्येच तक्रार केली होती, त्यांनी सिस्टीममध्ये बघून सांगितलं की हो, पण तुम्ही स्वतः रद्द केली. आतला मुख्य सर्किट बोर्ड बदलायचे 21 हजार पाचशे. शेवटी कोल्हापुरात एका रिपेअरवाल्याकडे नेला, त्यानं माझ्यासमोर टेबलावर पेपर अंथरून तो उघडला, फॅन काढला, आणि खालच्या हीटसिंकच्या, म्हणजे चिपची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर मागांवरून उडणाऱ्या रुईचा असा थर बसला होता की त्यानं चिमट्यानं उचलला तर अख्खा एका तुकड्यात निघाला, फाटक्या वाकळेतनं कापूस निघतो तसा, करड्या रंगाचा आणि दाबून घट्ट झालेला. बाहेरून मारलेल्या हवेनं वरची धूळ उडाली होती आणि उरलेली आणखी आत जाऊन बसली होती.

आता यातलं तुमच्या कामाचं सांगतो. कन्सोल मधेच आपोआप बंद पडतो तेव्हा बहुतेक वेळा तो स्वतःला वाचवत असतो. चिपची उष्णता हीटसिंकमधून बाहेर पडली नाही की फॅन वेग वाढवतो, तरी भागलं नाही की मशीन स्वतःच बंद होतं. दहा मिनिटांनी चालू होतो म्हणजे बरा झाला असं नाही, थंड झाला एवढंच. आणि असं रोज तापून गार होऊन आतले बारीक जोड तडकू शकतात. याचं सगळ्यात मोठं उदाहरण एक्सबॉक्स 360 चं. 2005 मध्ये आला, पुढं लोकांच्या कन्सोलवर तीन लाल दिवे लागून ते मरायला लागले, आणि जुलै 2007 मध्ये मायक्रोसॉफ्टला त्या बिघाडासाठी वॉरंटी एक वर्षाची तीन वर्षं करावी लागली, एक अब्ज डॉलरच्या वर खर्च बाजूला काढून. एवढ्या मोठ्या कंपनीला कबूल करावं लागलं, तर घरात "चालतोय" म्हणून विषय संपवण्यात अर्थ नाही.

मला सगळ्यात जास्त लागतं ते हे, की अण्णा असे आहेत की आठ माग चालू असताना झोपेतसुद्धा एकाचा ठोका चुकला तर उठून बसतात, कुठल्या मागाचा धोटा (आडवा धागा नेणारा भाग) अडकतोय ते अंथरुणातून सांगतात. तोच माणूस फॅनचा आवाज ऐकून म्हणाला नवीन वस्तू आहे, आवाज करणारच. माग तुम्ही उघडू शकता अण्णा, पार्ट बाजारात मिळतो, हाताखाली चार पोरं आहेत, म्हणून तिथं "चालतंय तोवर चालवू" परवडतं. ज्या वस्तूला सील आहे आणि जिचा बोर्ड तिच्या निम्म्या किमतीचा आहे, तिथं ते एक वर्षच आपलं असतं आणि त्याचे पैसे आपण दुकानात आधीच दिलेले असतात.

आणि अण्णांच्या मोटरसारखी वस्तू आतून बदलून यायची जी भीती आहे तिच्यावर उपाय आहे. द्यायच्या आधी मागचा सिरीयल नंबर, सील आणि चारही बाजूंचे फोटो काढा, बिलाची झेरॉक्स जवळ ठेवा, जॉब शीटवर, म्हणजे वस्तू घेताना ते देतात त्या कागदावर, सिरीयल नंबर लिहून घ्या. रिपेअर न करता बदलून देणार असतील तर नवा देणार की रिफर्बिश्ड (दुरुस्त केलेला जुना), आणि त्यावर पुढं किती दिवस वॉरंटी, हे लेखी विचारा. तक्रार वॉरंटीत नोंदलेली पाहिजे, ईमेल पण करून ठेवा, फोनवर एकट्यावर विसंबू नका.

दुसरं म्हणजे व्हिडिओ काढा. सर्व्हिस सेंटरवाले पंधरा-वीस मिनिटं लावून बघतात, तेवढ्यात तो बंद पडत नाही, आणि "टेस्टिंगमध्ये ओके" म्हणून परत येतो. तुमचा तासाभरानं पडतो ना, मग मुलाला खेळू द्या आणि मोबाईल स्टँडवर लावून ठेवा, आवाज, स्क्रीन, बंद पडतानाचा दिवा सगळं एका व्हिडिओत आलं पाहिजे.

मुलाचा सेव्ह डेटा आधी काढा, तो गेला तर मुलगा तुम्हाला माफ करणार नाही. सोनीचा पीएस 5 (प्लेस्टेशन 5) असेल तर त्याच्या गेमचे सेव्ह सुटे पेनड्राइव्हवर कॉपी होत नाहीत, एकतर पीएस प्लस या पैसे भरून घ्यायच्या सेवेचं क्लाउड नाहीतर सेटिंगमधून अख्ख्या कन्सोलचा यूएसबी बॅकअप. एक्सबॉक्सवर नेट असेल तर क्लाउडला आपोआप जातं.

कंपनीनं ऐकलंच नाही तर 1915 ला फोन करा, ती राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, बऱ्याच वेळा तिथून मेल गेला की लोक हलतात. नाहीच तर जिल्हा ग्राहक आयोग, 5 लाखांपर्यंतच्या वस्तूला फी लागत नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. वकील लागतोच असं नाही.

विकून नवीन घ्यायचं म्हणाल तर आत्ता नको. बंद पडणारा कन्सोल न सांगता विकणं मला पटत नाही आणि सांगून विकला तर निम्मेही येणार नाहीत. वॉरंटीत नीट होऊन येऊ द्या, मग विका. एक्स्टेंडेड वॉरंटीचं मला सांगता येत नाही, मी ती कधी घेतली नाही.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे. माझा कन्सोल तेव्हा सेंटरला गेला असता तर आतली रुई बघून त्यांनी "धूळ वॉरंटीत येत नाही" असंही म्हटलं असतं, अण्णा हेच म्हणतात आणि ते खोटं नाही. तुमचं घर मागाच्या शेडला लागून नसेल तर हा प्रश्न सहसा येणार नाही, तरी द्यायच्या आधी बाहेरची जाळी मऊ ब्रशनं झटका आणि कन्सोल टीव्हीच्या बंद कपाटात असेल तर एक दिवस बाहेर मोकळ्यावर ठेवून चालवून बघा. तिथं बंद पडायचा थांबला तर दोष बहुधा कपाटाचा. सील मात्र तोडू नका, यूट्यूब बघून तर अजिबात नाही. आणि अजिबात कसलाच त्रास नसलेला कन्सोल केवळ वॉरंटी संपतेय म्हणून बदलायला जात असतील त्यांच्यासाठी हे उत्तर नाही, वर्षभर जो कुरकुरला नाही त्याला राहू द्या.

माझा त्या रिपेअरवाल्यानं साडेसहा हजारात चालू करून दिला होता. सात महिने चालला. आता नवीन घेतलाय, तो पुढच्या खोलीत असतो, शेडकडचं दार लावून, आणि दर रविवारी त्याची जाळी ब्रशनं अण्णाच साफ करतात. तक्रार रद्द करायला लावली ती चूक होती असं मात्र ते अजून म्हणत नाहीत. तुमच्याकडे 18 दिवस आहेत, त्यात रविवार आणि सुट्ट्या धरून पिकअपलाच चार-पाच दिवस जातात, त्यामुळे उद्याच फोन करा आणि घरात कुणी काही म्हटलं तरी रद्द करू नका.