उद्देशांतून ‘समान हक्क’ काढू नका

विधवांची नावे सातबाऱ्यावर लागावीत म्हणून आपली संस्था काम करते आणि ‘हे धर्मादाय कार्य नव्हे, उद्देश बदलून आणा’ असे नोंदणीच्या वेळी आपल्याला सांगितले गेले, हे वाचून मला आमच्या संस्थेचा नोंदणी अर्ज आठवला. घटना, नियमावली, ठराव हे आपण केलेलेच असणार, म्हणून थेट मुद्द्यावर येते.

आमच्या मसुद्यातील ‘स्त्रियांचे समान हक्क’ या शब्दांभोवती एका कार्यालयात लाल पेनाने गोल काढला गेला आणि ‘ही चळवळ झाली, मदतकार्य लिहा’ एवढेच तोंडी सांगण्यात आले. नोंदणी लांबू नये म्हणून मी तिथेच बाकावर बसून ‘गरजू महिलांना शिलाई यंत्रे व आर्थिक साहाय्य’ असे लिहून दिले. हीच चूक मला सर्वांत महागात पडली. यंत्र आम्ही एकही वाटले नाही. पैसा गेला वारसनोंदीच्या अर्जांवर, दाखल्यांवर आणि वकिलांच्या फीवर. निधी उद्देशाबाहेर वापरला गेला का, हे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 34 नुसार हिशेबतपासनिसांना नमूद करावे लागते, आणि त्यांनी ते केले. मग उद्देश दुरुस्त करण्यासाठी, 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याप्रमाणे, महिन्याच्या अंतराने दोन विशेष सभा आणि दोन्हींत तीन-पंचमांश मते. आमच्या सभासद बहुतेक शेतमजूर. दोन्ही वेळा रोज बुडवून आल्या. त्या मजुरीचे मला आजही वाईट वाटते.

मी वकील नाही, त्यामुळे पुढचे माझे मत समजावे. विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 9 मध्ये, म्हणजे धर्मादाय हेतूंच्या यादीत, गरिबीचे निवारण, शिक्षण, वैद्यकीय मदत यांच्या जोडीला समाजहितासाठीच्या करमणुकीच्या सोयीसुद्धा नावानिशी आहेत. समता मात्र ‘सार्वजनिक उपयुक्ततेचे अन्य उद्दिष्ट’ या शेवटच्या शब्दांत शोधावी लागते. संविधानाच्या अनुच्छेद 17 ने अस्पृश्यता नष्ट केलेल्या देशात भेदभाव मिटवण्याचे काम त्या शब्दांत बसतेच, पण टेबलामागच्या व्यक्तीला ते पटेपर्यंत वर्ष निघून जाते. इंग्लंडमध्ये 1981 साली ॲम्नेस्टी या मानवी हक्क संघटनेच्या न्यासाला, सरकारांचे कायदे व निर्णय बदलवणे हे राजकीय उद्दिष्ट ठरवून, धर्मादाय दर्जा नाकारला गेला. तिथल्या 2006 च्या कायद्याने मानवी हक्क आणि समता हे धर्मादाय हेतू म्हणून स्पष्ट लिहिले. आपल्याकडेही तसे लिहिले जावे. पक्षीय राजकारण बाहेर ठेवायला माझी हरकत नाही, परंतु कायद्याने आधीच दिलेला हिस्सा एखाद्या बाईच्या नावावर लावून देणे हे राजकारण नव्हे.

आपण त्रुटी लेखी मागून घ्या, उत्तरात कलम 9 च्या त्या शेवटच्या शब्दांचा आधार द्या, आणि ‘कायदेविषयक साहाय्य व हक्कांबाबत शिक्षण’ हे शब्द उद्देशांतून काढू नका, मग नोंदणीला सहा महिने जास्त लागले तरी चालतील.