वेगवेगळ्या शाळांतल्या शिक्षकांनी मिळून मुलांचं वाचन सुधारता येतं का?

तुम्ही विचारलंय की नागपूर जिल्ह्यात हिंगणा तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत नव्याने लागलात, तिसरीतली निम्मी मुलं अडखळत वाचतात. तर आजूबाजूच्या शाळांतल्या शिक्षकांनी मिळून काही केलं तर खरंच फरक पडतो, की नुसत्या बैठका होतात?

दोन्ही होतं. मी १९ वर्षं शिकवतेय, आणि आमच्या पहिल्या प्रयत्नात नुसत्या बैठकाच झाल्या. व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला, महिन्याभरात साठेक शिक्षक आले. मग रोज सुप्रभात, कुठून कुठून आलेल्या पीडीएफ आणि तक्ता हातात धरलेल्या मुलांचे फोटो. दिवाळीच्या सुट्टीत ग्रुप गपगार झाला आणि कोणाला त्याची आठवणही आली नाही. आपण एकमेकांना साहित्य देत होतो. साहित्य सगळ्यांकडे होतंच. आपलं कोणतं पोट्टं कुठे अडलंय आणि ते आपल्याला का कळत नाहीये, हे मात्र कोणी बोलत नव्हतं.

न बोलण्याला कारण होतं. त्याआधीच्या एका बैठकीत शाळावार वाचनाचे आकडे पडद्यावर दाखवले होते, खालच्या दोन शाळा लाल रंगात. पुढच्या महिन्यात सगळ्या शाळांची मुलं एकदम हुशार झाली! म्हणून दुसऱ्यांदा जमलो तेव्हा पहिला नियम असा केला की इथले आकडे खोलीबाहेर जाणार नाहीत. त्यांचा तक्ता नाही, फोटो नाही, अहवाल नाही.

आता आम्ही पाच शाळांतले सात जण आहोत. तीन शाळा जिल्हा परिषदेच्या, दोन महानगरपालिकेच्या, त्यातली एक हिंदी माध्यमाची. शनिवारी सकाळची शाळा सुटली की महिन्यातून एकदा कोणाच्या तरी वर्गात बसतो. प्रत्येकाने तीन मुलांचं एकेक मिनिटाचं वाचन मोबाइलवर रेकॉर्ड करून आणायचं. पालकांना विचारून, आणि नाव न सांगता. सगळ्यात हुशार मूल नको, सगळ्यात मागे असलेलंही नको. ज्याचं घोडं कुठे अडलंय ते आपल्याला कळत नाही, ते मूल आणायचं. आणि ऐकायचं दुसऱ्याने. कारण आपल्याच वर्गातलं मूल वाचत असलं की आपले कान अर्धं वाक्य स्वतःच पुरं करून टाकतात.

माझंच उदाहरण सांगते. वीटभट्टीवर आलेल्या छत्तीसगडच्या कुटुंबातला एक मुलगा माझ्याकडे होता. तो ‘शाळा’ला ‘शाला’ वाचायचा आणि ‘चाक’मधला च ‘चार’मधल्यासारखा म्हणायचा. चार महिने मी प्रत्येक वेळी त्याला थांबवून दुरुस्त करत होते, आणि तो दिवसेंदिवस हळू आवाजात वाचायला लागला होता. रेकॉर्डिंग ऐकून हिंदी माध्यमाच्या मॅडम म्हणाल्या, “अरे, ये तो पढ़ रहा है! गलती कहाँ है?” हिंदीत ळ नाही आणि च एकच. मराठीत च दोन, पण लिहायला दोन्ही सारखेच. म्हणजे कागदावरून त्याला ते कळणार तरी कसं? पोरगा वाचनात कच्चा नव्हताच, मराठी कमी ऐकलेला होता. मग त्याला वाचताना टोकणं बंद केलं. ‘चार चाकं’, ‘चांदीचा चमचा’ असे शब्द परिपाठाच्या वेळी सगळ्या वर्गाकडून तोंडी म्हणून घ्यायला लागले. १९ वर्षांच्या नोकरीत हे मला कोणत्याच प्रशिक्षणात कोणी सांगितलं नव्हतं, आणि त्या मॅडमची शाळा माझ्या शाळेपासून चार किलोमीटरवर आहे.

दुसरं, ‘कपिला’. एका सरांकडची मुलगी ‘किपला’ वाचत होती. त्यांना वाटलं अंदाजाने ठोकते. पण पहिली वेलांटी लिहायची अक्षराच्या आधी आणि म्हणायची नंतर. तिने ती काठी मागच्या क ला लावली, एवढंच. आमच्यातल्या एका मॅडमनी फळ्यावर ‘पि’ एका चौकटीत, वेलांटी रंगीत खडूने, असं लिहून दाखवलं. आठवडाभर सगळे शब्द असेच चौकटी करून लिहिले आणि मुलगी सुटली.

आणि सांबार! उताऱ्यात ‘कोथिंबीर’ होतं. पोरीने एकेक अक्षर बरोबर वाचलं आणि थांबली. अर्थ विचारला तर गप्प. आम्ही ‘आकलन नाही’ असं लिहून मोकळे होणार, तेवढ्यात तिच्याच बाई म्हणाल्या, “अहो, तिच्या घरी सांबार म्हणतात.” नागपुरात आपण सगळेच म्हणतो की! तेव्हापासून तपासणीचे उतारे आम्हीच लिहितो. पहिला तान्ह्या पोळ्यावर, म्हणजे लहान मुलांच्या पोळ्यावर लिहिला: लाकडी नंदी, त्याच्या गळ्यातली माळ, घरोघरी मिळणारा बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे. जी मुलं पुस्तकातल्या उताऱ्यावर तीन ओळींत दमायची, ती हा शेवटपर्यंत वाचून “मॅडम, माह्या नंदीले चाकं आहेत” असं सांगत बसली.

मोजायचं कसं, तर फार डोकं लावू नका. मुलांना वाचता येतं का हे घरोघरी जाऊन बघणाऱ्या ‘असर’ सर्वेक्षणात २००५ पासून वापरतात तीच उतरंड पुरे: अक्षर, शब्द, सोपा परिच्छेद, गोष्ट. एकेका मुलाला वेगळं बसवून ऐकायचं. मात्र पाचही शाळांत कागद एकच हवा, नाहीतर माझं ‘वाचतो’ आणि तुमचं ‘वाचतो’ यात जमीन-अस्मानाचं अंतर असतं. मग रोज एक तास इयत्ता विसरून पातळीप्रमाणे गट करा. दोन शिक्षकी शाळेत हे उलट सोपं जातं, कारण वर्ग जोडलेलेच असतात.

लहान मुलांना वाचन आणि गणिताचा पाया यावा म्हणून केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान ५ जुलै २०२१ ला सुरू झालं आणि २०२६-२७ पर्यंत तिसरीच्या शेवटी मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचता यावेत असं लक्ष्य आहे, हे तुम्हाला माहीत असेलच. यातलं ‘६०’ सगळ्यांच्या लक्षात राहतं, ‘समजून’ राहत नाही. घड्याळ लावलं की मुलं आगगाडी सोडतात. आम्ही मिनिट झाल्यावर दोन प्रश्न विचारतो. उत्तर आलं नाही तर ते शब्द धरत नाही.

पुस्तकांची एक पेटीही फिरते, ४० पुस्तकांची, स्कूटरवर पुढे ठेवून. महिन्याला शाळा बदलते. काही विकत घेतली, काही स्टोरीवीव्हर या मुलांच्या गोष्टींच्या वेबसाइटवरून छापली. तिथल्या गोष्टी खुल्या परवान्याच्या असल्याने छापून वाटता येतात. पेटीला कुलूप लावू नका. पहिल्या वर्षी आमची सहा पुस्तकं हरवली आणि जी परत आली त्यांच्यावर तेलाचे डाग होते. ज्या शाळेतून पेटी कोरी करकरीत परत आली, तिथे ती कपाटातच होती.

अडचणी तुम्हाला दिसतीलच. निवडणुकीचं काम, ऑनलाइन माहिती भरणं, कोणाच्या घरी लग्न. तीन जण आले तरी बसायचं. बदल्यांनी मात्र गट खरा मोडतो; आमचे दोन जण एकाच वर्षी गेले. म्हणून प्रत्येक मुलाची नोंद शंभर पानी वहीत, आणि वही शिक्षकाच्या पिशवीत नाही, शाळेच्या कपाटात.

परवानगीचं म्हणाल तर शाळेच्या वेळेनंतर बसायला आम्ही फक्त मुख्याध्यापकांना सांगितलं. एकमेकांच्या वर्गात जाऊन तास बघायचा असेल तेव्हा केंद्रप्रमुखांना, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटावर (केंद्रावर) देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांना, लेखी कळवतो. सुरुवातीला केंद्रातली शिक्षण परिषद, म्हणजे शिक्षकांची बैठक, संपल्यावर चहाला थांबणारे दोन जण शोधा. आपल्याकडे विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, मग पहिला पंधरवडा प्रवेश आणि पुस्तकवाटपात जातो. म्हणून जुलैचा तिसरा शनिवार धरा, आणि तुमची तीन रेकॉर्डिंग आधी तुम्हीच लावा. पहिल्या वेळी मी माझी लावली तेव्हा हात थरथरत होते, पण त्यानंतर बाकीच्यांनी आपापले मोबाइल बाहेर काढले.