हुमणातलं खोबरं आणि बंद केलेली गोळी

प्रश्न : वय ५४. एकूण कोलेस्टेरॉल २४८, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १६४, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ४६, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) १९०. सहा वर्षांपूर्वी रिपोर्ट चांगला होता. घरात रोज शीत-हुमण (भात आणि खोबऱ्याचं माशांचं कालवण). शेजारीण सांगते, सुंगटं (कोळंबी) सोड. मुलगी सांगते, नारळ सोड. कुणाचं ऐकू? – एक वाचक, फोंडा

उत्तर : मुलीचं, पण अर्धंच. रक्तातलं बहुतेक कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच तयार करतं. सुंगटांत कोलेस्टेरॉल भरपूर असलं तरी संपृक्त चरबी (सॅच्युरेटेड फॅट) नाममात्र असते, आणि एलडीएल चढवते ती मुख्यतः ही चरबी. ती वाढली की रक्तातलं एलडीएल ओढून घेण्याची यकृताची ताकद कमी होते. आठवड्यातून दोनदा सुंगटं खा, तळून नको एवढंच.

आता खोबऱ्याचा हिशेब. १०० ग्रॅम ओल्या खोबऱ्यात जवळपास ३० ग्रॅम संपृक्त चरबी असते. चौघांच्या हुमणाला २०० ग्रॅम खोबरं वाटलं, तर प्रत्येकाच्या ताटात १५ ग्रॅम पडते. एलडीएल वाढलेल्या माणसाला दिवसभरात १३ ते १५ ग्रॅमच चालते. म्हणजे दुपारीच कोटा संपला; चहातलं दूध आणि पावावरचं लोणी अजून बाकी. त्यात खोबरेल मोठा चमचाभर घेतलं की आणखी १२ ग्रॅम. 'घाण्याचं आहे' म्हणून ही चरबी कमी होत नाही.

नारळ बंद करू नका, वजन करून घ्या. तेवढ्याच हुमणाला ८० ग्रॅम पुरे. दाटपणासाठी धणे आणि भाजलेला कांदा वाटा. दोन-तीन दिवस बिनखोबऱ्याचं आंबट-तीख करा. सोलकढीऐवजी तिवळ (बिननारळाचं कोकमाचं पेय) घ्या. तळणीला शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं तेल वापरा, मात्र खोबरेलाच्या जागी, त्याच्या जोडीला नव्हे. बांगडा-तारले खुशाल खा. अळसांदे (चवळी) आणि भेंडी वाढवा. त्यांतला विरघळणारा चोथा आतड्यात पित्ताम्लं धरून ठेवतो आणि नवी पित्ताम्लं करायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरतं.

एवढं करून एलडीएल साधारण १० ते १५ टक्के उतरेल, १६४चं १००वर येणार नाही. म्हणून आधी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) तपासा. पाळी थांबल्यावर एलडीएल वाढतंच, पण थायरॉइड मंदावल्यानेही वाढतं. तसं असेल तर त्यावरच्या उपचारानेच ते बरंच खाली येतं. थायरॉइड तसंच ठेवून स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी) सुरू केलं तर स्नायूदुखीचा धोका वाढतो. गोळीचा निर्णय डॉक्टर रक्तदाब, साखर आणि घरातला हृदयविकार पाहून घेतील. तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करा.

प्रश्न : यजमानांना दोन वर्षांपूर्वी स्टेंट घातला. एलडीएल ६८ आल्यावर 'आता नॉर्मल' म्हणून त्यांनी अ‍ॅटोरव्हास्टॅटिन ४० बंद केली. गोळीने पोटऱ्या दुखतात, असंही म्हणतात. – एक वाचक, डिचोली

उत्तर : ६८ हा आकडा गोळीमुळे आला आहे. ती थांबवली की काही आठवड्यांत एलडीएल मूळच्या जागी जातं. शिवाय स्टेंट असलेल्याने ६८वर समाधान मानू नये; लक्ष्य ५५च्या खाली असतं. डॉक्टरांना आजच कळवा.

दुखण्याची नीट चौकशी करा. स्टॅटिनचं दुखणं बहुधा दोन्ही मांड्यांत किंवा खांद्यांत सारखं असतं आणि गोळी सुरू केल्यावर वा डोस वाढवल्यावर लवकरच जाणवतं. पण चालताना पोटरी दुखते आणि उभं राहिल्यावर थांबते, असं असेल तर पायाच्या रक्तवाहिनीत अडथळा आहे का ते पाहावं लागेल. अशा वेळी स्टॅटिनची गरज उलट जास्तच असते. दुखणं स्नायूंचंच निघालं तर सीके (स्नायूंची इजा दाखवणारी रक्ततपासणी) तपासून डॉक्टर डोस कमी करतात किंवा दुसरं स्टॅटिन देतात. डोस दुप्पट केला तरी एलडीएल जेमतेम ६ टक्के जास्त उतरतं; त्यापेक्षा इझेटिमिब (कोलेस्टेरॉलचं दुसऱ्या प्रकारचं औषध) जोडलं तर २० टक्क्यांच्या आसपास. क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक कुणी लिहून दिलं तर अ‍ॅटोरव्हास्टॅटिन चालू असल्याचं आधी सांगा. लघवी चहासारखी काळपट झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

प्रश्न : मुलगा ३८ वर्षांचा, ट्रायग्लिसराइड ६२०. रिपोर्टवर एलडीएलची जागा कोरीच. लॅबची चूक? – एक वाचक, मडगाव

उत्तर : चूक नाही. बहुतेक लॅब एलडीएल मोजत नाहीत, गणित करतात : एकूणातून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा. ट्रायग्लिसराइड ४००च्या वर गेलं की हे गणित बिघडतं. तोवर एकूणातून एचडीएल वजा करून येणारा आकडा पाहा, किंवा थेट एलडीएल मोजून घ्या.

फेणी असो की बियर, पूर्ण बंद. थंड पेयं आणि गोडही. एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी) करा, कारण लपलेला मधुमेह हे याचं नेहमीचं कारण. महिन्याभराने १२ तास उपाशी राहून रक्त द्या. ५००च्या वर स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो. बेंबीच्या वर जोराची कळ येऊन पाठीकडे गेली, तर अँटासिड देत घरी बसू नका.