वाड्याला देणगी : आधी कागद, मग कौलं

प्रश्न : गोव्यात चांदरला ब्रागांझांचं घर पाहिलं. निघताना देणगी मागितली. द्यावी का? करसवलत मिळते का?

उत्तर : जरूर द्या, हात आखडता घेऊ नका. मिनेझिस ब्रागांझा आणि ब्रागांझा परेरा अशा दोन शाखांकडे या घराचे दोन भाग आहेत, आणि देखभालीला पाहुण्यांच्या देणगीचा आधार आहे. पत्रकार लुईस मिनेझिस ब्रागांझा (1878–1938) यांचं ग्रंथालय इथंच आहे. तिथल्या पावसात पुस्तकं टिकवायची तर छत गळून चालत नाही. दर वर्षी मिरगाआधी कौलं परतायची, फुटकी बदलायची, वाशांना वाळवी लागलीय का ते बघायचं, हा खर्च चुकत नाही. करसवलत मात्र विसरा. ज्याला आपण 80जी म्हणतो ती सवलत नोंदणीकृत धर्मादाय संस्थेला दिलेल्या देणगीवर मिळते, खासगी घराला दिलेल्या पैशावर नाही.

प्रश्न : आमचा दीडशे वर्षांचा वाडा सात चुलतभावंडांच्या नावावर आहे. गावकरी आणि माहेरवाशिणी दुरुस्तीला पैसे द्यायला तयार आहेत. वर्गणी सुरू करू का?

उत्तर : आज नको. सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर सात नावं असताना लोकांचे पैसे घातले आणि उद्या एकानं वाटणीचा दावा लावला, तर ज्यांनी दिले त्यांना तुम्ही काय सांगाल? शिवाय नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षाला एकूण 50 हजारांच्या वर रक्कम एखाद्याच्या खात्यात आली, तर ती सगळीच त्याच्या करपात्र उत्पन्नात धरली जाते.

सार्वजनिक न्यास, म्हणजे ट्रस्ट, करा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 खाली नोंदणी, मग आयकर खात्याकडून 80जी. पण वाडा न्यासाला द्यावा लागेल, निदान लांब मुदतीच्या नोंदणीकृत भाडेपट्ट्यानं. मालकीनं दिलात तर पुढे विकायला धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, वाटणीत तो येत नाही. घरातल्या थोरांना हे आधी समजावून सांगा, नंतर सांगितलं की भांडणं होतात. आणि वाडा खरोखर लोकांसाठी उघडा हवा : वाचनालय, जुन्या दप्तराची खोली, काहीही. फक्त कुटुंबाच्या सोयीसाठी केलेल्या न्यासाला ही सवलत नाही, आणि ते योग्यच आहे.

देणगीदारांनाही सांगून ठेवा : 2000 रुपयांच्या वर रोखीनं दिलं तर सवलत नाही, नव्या करप्रणालीत तर नाहीच.

प्रश्न : भाचा अमेरिकेत असतो. आमच्या वाड्याच्या न्यासाला डॉलर पाठवू शकतो का?

उत्तर : त्याचा पासपोर्ट कुठला ते आधी विचारा. भारतीय असेल तर त्याच्या स्वतःच्या कमाईतली देणगी परदेशी धरली जात नाही. अमेरिकन नागरिकत्व घेतलं असेल, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी, न्यासाकडे एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी. ती नसताना एक डॉलरही घेऊ नका.

प्रश्न : न्यासाकडे पहिले चार लाख जमलेत. दर्शनी दरवाजाचं कोरीवकाम आधी करावं, असं बहुतेकांचं मत आहे.

उत्तर : माझं मत अगदी उलट आहे. दरवाजाचा फोटो छान येतो, देणगीदाराच्या नावाची पाटीही तिथंच शोभते, म्हणून सगळ्यांचा ओढा तिकडे. पण वाडा पडतो तो पाण्यानं. तुळईचं जे टोक भिंतीत गेलेलं असतं तिथं ओल मुरते. बाहेरून सागवान धडधाकट दिसतं, आत सुरी टोचली की भुसा. सगळ्या टोकांना असं टोचून बघा. छत, पन्हळी, पाण्याचा निचरा यांवर पहिले पैसे घाला. गवंड्याला चुन्याचंच काम करायला सांगा. जुन्या चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा केला की ओल आत कोंडते आणि विटा भुगा होतात. चारातला एक लाख मुदतठेवीत ठेवा, त्याचं व्याज दर मे महिन्यात कौलांना लागेल.